सक्ती कोणाची, कशाची?

२९ जून २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून तिसरी भाषा शिकविण्यासंबंधीचे आपले दोन्ही शासन निर्णय रद्द केले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली नवी समिती नेमण्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन सुरू व्हायचे होते. ५ जुलैच्या नियोजित मोर्चाचे वरळीत विजयी मेळाव्यात रूपांतर झाले, उद्धव आणि राज ठाकरे कित्येक वर्षांनी एका व्यासपीठावर आले, आणि आम्ही मराठीचे अध्यापक असल्यामुळे आमच्याकडे काही परिचितांचे अभिनंदनाचे फोनही आले. जणू आमच्या विभागालाच काही लाभले होते. निर्णय रद्द झाला याचे समाधान आम्हालाही आहे. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादू नये याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु एप्रिल ते जुलै या अडीच-तीन महिन्यांत या प्रश्नावर जो पक्षीय वाद झाला, तो एक संहिता म्हणून वाचू लागलो की अभिनंदन स्वीकारणे जड जाते. कारण त्या वादात सर्वाधिक वापरला गेलेला शब्द होता ‘सक्ती’, आणि या शब्दाचा अर्थच मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पार बदलून गेला आहे.

आधी त्या दोन शासन निर्णयांकडे पाहू. शासन निर्णय ही साहित्याच्या अभ्यासकांनी वाचावी अशी गद्यरचना आहे, असे आमचे जुने मत आहे. १६ एप्रिल २०२५ चा निर्णय राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या टप्प्याटप्प्याने अंमलबजावणीचा होता. मराठी व इंग्रजी माध्यमांच्या शाळांत पहिली ते पाचवी हिंदी ही तृतीय भाषा ‘अनिवार्य’ असेल, असे त्यात म्हटले होते. गदारोळ झाला. खुद्द शासनाच्याच भाषा सल्लागार समितीचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून विरोध कळविला. ज्या समितीने भाषेबाबत सल्ला द्यावयाचा, तिने विरोध कळवला तो निर्णय निघाल्यानंतर! शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी ‘अनिवार्य’ या शब्दाला स्थगिती देत असल्याचे सांगितले. निर्णयाला नव्हे, शब्दाला स्थगिती. मराठी प्रशासकीय गद्याच्या इतिहासात या घटनेची नोंद व्हावयास हवी.

मग १७ जूनचा सुधारित निर्णय आला. ‘अनिवार्य’ गेला आणि त्याच्या जागी ‘सर्वसाधारणपणे’ आला. हिंदी ही सर्वसाधारणपणे तृतीय भाषा असेल. मात्र विद्यार्थ्यांना दुसरी भारतीय भाषा हवी असल्यास ती घेता येईल, अट एवढीच की तशी इच्छा असणारे विद्यार्थी इयत्तेत किमान २० असावेत. तसे असतील तर शिक्षक दिला जाईल, अथवा ती भाषा ऑनलाइन शिकवली जाईल.

आमच्या पदव्युत्तर वर्गात आम्ही हे दोन्ही निर्णय शेजारी शेजारी ठेवून वाचायला दिले. मुलांनी ‘अनिवार्य’ आणि ‘सर्वसाधारणपणे’ यांतले अंतर चटकन पकडले. एक शब्द आज्ञा देतो. दुसरा वस्तुस्थितीचे वर्णन करण्याचा आव आणून तीच आज्ञा देतो. पण खरी गोम त्या २० च्या आकड्यात आहे, हे जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकून आलेल्या मुलांनी आधी ओळखले. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा महाराष्ट्रात १४ हजारांहून अधिक आहेत, हे २०२३ मध्ये शासनाच्याच आकडेवारीवरून सर्वांना ठाऊक झाले होते. येथे २० ही संख्या एका इयत्तेची नाही, सबंध शाळेची आहे. ज्या शाळेत पहिली ते चौथी मिळून १३ मुले आहेत, तेथे एका इयत्तेतील २० मुलांनी कन्नड किंवा गुजराती मागावयाची कशी? तेव्हा विकल्प कागदावर होता. तो वापरू शकतील अशा शाळा प्रामुख्याने मोठ्या पटाच्या, म्हणजे बहुतांशी शहरांतल्या, आणि त्यांतल्याही पुष्कळशा इंग्रजी माध्यमाच्या. डोंगरातल्या, वाडीवस्तीवरच्या मराठी शाळेसाठी ‘सर्वसाधारणपणे’चा अर्थ ‘अनिवार्य’ हाच होता. आश्चर्य याचे की मेळाव्यांतील भाषणांत हिंदी पट्ट्याचा, अस्मितेचा, मुंबईचा उल्लेख पुनःपुन्हा आला. हा २० चा हिशेब क्वचितच आला.

आता पक्षांच्या युक्तिवादांकडे येऊ. ही धूळ बसल्यावर जे दिसते ते काहीसे करमणुकीचे आहे. २९ जूनच्या पत्रकार परिषदेत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले की, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना नेमलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकर समितीनेच पहिलीपासून तीन भाषांची शिफारस केली होती आणि जानेवारी २०२२ मध्ये तेव्हाच्या मंत्रिमंडळाने तो अहवाल स्वीकारला होता. त्यावर दुसऱ्या बाजूचे उत्तर असे की, अहवाल स्वीकारणे म्हणजे त्याची अंमलबजावणी करणे नव्हे. दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी असू शकतात. त्यांतून निष्पन्न होते ते इतकेच की, विरोधी पक्षात असताना जी भूमिका तत्त्वाची असते ती सत्तेत गेल्यावर अहवालाची होते, आणि सत्तेतल्यांची अहवालाची भूमिका विरोधात गेल्यावर तत्त्वाची होते. सत्ताधारी आघाडीतच एकमत नव्हते. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पहिलीपासून हिंदी नको, पाचवीपासून असावी, असे उघड सांगितले होते.

हे महाराष्ट्राचेच वैशिष्ट्य आहे असे मात्र नाही. शेजारच्या गोव्यात, जेथे मराठी हा या वादातला एक पक्षच आहे, हे नाट्य अधिक ठळकपणे होऊन गेले. १९९० मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना तेथे असे धोरण ठरले की सरकारी अनुदान प्रादेशिक भाषांतून, म्हणजे कोंकणी वा मराठीतून, शिकविणाऱ्या प्राथमिक शाळांनाच मिळेल. २०११ मध्ये दिगंबर कामत यांच्या काँग्रेस सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदानाचे दार उघडले. भारतीय भाषा सुरक्षा मंचाने आंदोलन पुकारले. विरोधी बाकांवरचा भारतीय जनता पक्ष त्यात अग्रभागी होता. २०१२ मध्ये तो सत्तेवर आला आणि मनोहर पर्रीकरांच्या सरकारने चर्चशी संलग्न संस्थांच्या इंग्रजी शाळांचे अनुदान चालूच ठेवले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे गोव्यातील प्रमुख सुभाष वेलिंगकर यांनी याविरुद्ध आवाज उठविला, ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले, त्यांनी गोवा सुरक्षा मंच हा पक्ष काढला आणि २०१७ च्या निवडणुकीत त्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. या शेवटच्या वाक्यावर आम्ही बराच विचार केला आहे. मातृभाषेतून शिक्षण या एका प्रश्नावर निवडणूक लढविणाऱ्याला मतदाराने काय उत्तर दिले, हे सर्वच पक्षांनी वाचले असणार. महाराष्ट्रातील पक्ष भाषेविषयी इतके बोलतात आणि माध्यमाविषयी इतके मौन पाळतात, त्याचे एक कारण या उत्तरात आहे.

तरीही गोव्यातल्या वादात एक गोष्ट सरळ होती. तो अनुदानाचा वाद होता. पैसा कोणत्या भाषेतल्या शाळेला द्यावयाचा, हा प्रश्न त्यांनी तोंडाने विचारला. आपल्याकडे तो विचारलाच जात नाही. आपण ‘सक्ती’विषयी बोलतो.

‘सक्ती’ हा शब्द आपल्या शिक्षणविचारात कसा आला ते आठवावे. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी त्यात मागणी आहे. परंतु त्याच निवेदनात शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांचा पगार १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, शेतकरी वर्गातून आलेले शिक्षक असावेत, मोडी व बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवावे, अशा बारीकसारीक गोष्टीही आहेत. सक्ती आणि तिचा खर्च ही दोन्ही एकाच कागदावर आहेत. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढल्या वर्षी ते फेटाळले गेले, आणि पैसा कोठून आणावयाचा हा त्या चर्चेतील एक कळीचा मुद्दा होता. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यापासून आरंभ करून पुढे सबंध संस्थानात सक्ती लागू केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड ठेवला. या सर्वांच्या तोंडी ‘सक्ती’ म्हणजे प्रथमतः राज्यावरची सक्ती. पालकाला दंड करावयाचा तर आधी गावात शाळा हवी, शाळेत मास्तर हवा, मास्तरला पगार हवा. शाहू महाराजांचा १ रुपया दंड वाचताना हे विसरले जाते.

२०२५ च्या वादात मात्र ‘सक्ती’ हा शब्द फक्त मुलाच्या दिशेने वाहतो. कोणती भाषा मुलावर लादावी किंवा लादू नये, एवढाच प्रश्न. राज्यावर काय लादले गेले पाहिजे, याचा त्यात मागमूस नाही. फुले-शाहूंची नावे मात्र सर्वच पक्षांच्या फलकांवर होती. असो.

हा अर्थबदल का झाला असावा? आमच्या मते त्याचे मूळ ‘विषय’ आणि ‘माध्यम’ या दोन शब्दांतील अंतर सोयीने बुजविण्यात आहे. भाषा विषय म्हणून शिकविणे म्हणजे आठवड्याच्या वेळापत्रकात काही तासिका घालणे. भाषा माध्यम म्हणून चालविणे म्हणजे गणित, परिसर अभ्यास, मैदानावरची शिस्त, मुलाचे भांडण आणि मुलाची शंका, हे सारे त्या भाषेत होऊ देणे, आणि पुढे बारावीपर्यंत व त्यापलीकडेही ते होऊ शकेल अशी पुस्तके, शिक्षक आणि नोकऱ्या उभ्या करणे. पहिली गोष्ट एका शासन निर्णयाने होते. दुसरीला पिढ्या लागतात, आणि तिजोरी लागते.

आपल्या राज्यात गेल्या पंचवीस वर्षांत भाषेसंबंधी जे गाजलेले निर्णय झाले ते बहुतांशी पहिल्या प्रकारचे आहेत. जून २००० पासून पहिलीत इंग्रजी हा विषय आला. तेव्हाचे शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्यावर त्या वेळी मराठी साहित्यिकांनी पुष्कळ टीका केली. मोरे यांचा युक्तिवाद बहुजनांच्या मुलांना इंग्रजी मिळाली पाहिजे असा होता, आणि तो मुळीच उथळ नव्हता. मराठी माध्यम टिकवायचे तर त्या शाळेत चांगली इंग्रजी शिकवली पाहिजे, हा विचार आजही आम्हाला योग्य वाटतो. पण इंग्रजी शिकविणारा तयार शिक्षक किती शाळांपर्यंत पोहोचला? विषय आला आणि त्याच्यामागून यावयाचे साहित्य वाटेतच राहिले. पालकांनी त्यातून काढावयाचा तोच निष्कर्ष काढला: खरी इंग्रजी पलीकडच्या शाळेत मिळते. पुढे सेमी-इंग्रजीची वाट निघाली, गणित आणि विज्ञान मराठी शाळेतच मराठीतून बाहेर पडले, आणि भाषा तेवढी मराठी राहिली. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने खासगी शाळा काढणे सुकर केले. या कायद्यात भाषेविषयी आरडाओरड करण्याजोगा एकही शब्द नव्हता, म्हणून त्यावर भाषेचा वाद झाला नाही. मराठी शाळांच्या पटावर मात्र त्याचा परिणाम कोणत्याही हिंदी सक्तीपेक्षा अधिक झाला असावा, असे आमचे मत आहे.

मग २०२० चा कायदा. फेब्रुवारी २०२० मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने तो मंजूर केला: राज्यातील सर्व मंडळांच्या, सर्व माध्यमांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी हा सक्तीचा विषय, आणि न शिकविणाऱ्या शाळेच्या व्यवस्थापनाला एक लाख रुपयांपर्यंत दंड. ज्या प्रश्नावर सर्व पक्ष एकमत होतात त्याकडे अधिक सावधपणे पाहावे, हे समीक्षेचे साधे तत्त्व येथेही लावावयास हरकत नाही. एकमत झाले कारण कोणालाच काही द्यावयाचे नव्हते. मराठी शाळेला एक शिक्षक अधिक मिळणार नव्हता. इंग्रजी शाळेला एक तासिका काढावयाची होती. आणि एप्रिल २०२३ मध्ये, करोनाकाळात शिक्षण विस्कळीत झाल्याचे कारण देऊन, अन्य मंडळांच्या शाळांतील एका तुकडीसाठी तीन वर्षे मराठीचे गुण एकूण मूल्यमापनात न धरता केवळ श्रेणी देण्याची सवलत शासनाने दिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा ही सवलत चालू होती. अभिजात भाषा, आणि तिचे गुण बेरजेत नाहीत.

माध्यमाची सक्ती तर आता कायद्यानेही करता येत नाही, हे या वादात कोणीच मोकळेपणाने सांगितले नाही. कर्नाटकाने १९९४ मध्ये प्राथमिक स्तरावर मातृभाषा अथवा कन्नड हेच माध्यम असावे असा आदेश काढला. वीस वर्षे कज्जा चालला आणि ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निर्णय दिला की, मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती राज्य करू शकत नाही. माध्यमाची निवड मुलाच्या वतीने पालकाने करावयाची. शिक्षण हक्क कायद्यातही, माध्यम ‘शक्य असेल तेथवर’ मुलाची मातृभाषा असावे, एवढेच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० निदान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे म्हणते, आणि तेथेही ‘शक्य असेल तेथे’ आहेच. याचा अर्थ सरळ आहे. पालकाने मराठी शाळा निवडावी असे वाटत असेल तर ती निवडण्याजोगी करणे, हा एकच मार्ग राज्याच्या हाती उरला आहे. तो मार्ग खर्चिक आहे, त्याचे श्रेय मिळायला दहा वर्षे लागतात, आणि तोवर दोन निवडणुका होऊन जातात. तेव्हा पक्षांनी विषयाच्या सक्तीवर लढावे यात नवल नाही.

या संदर्भात तामिळनाडूचे उदाहरण आपल्याकडे फार दिले गेले. १९६८ पासून त्या राज्याने द्विभाषा सूत्र सोडलेले नाही, आणि केंद्राने समग्र शिक्षा योजनेचा निधी अडवून धरला तरी ते बधले नाही. याचे कौतुक आम्हालाही आहे. पण हिंदीला दारात अडविल्याने तमिळ माध्यम आपोआप तगले असे झालेले नाही. जयललितांच्या कारकिर्दीत सरकारी शाळांतच इंग्रजी माध्यमाचे वर्ग मोठ्या प्रमाणावर सुरू झाले आणि पालक तिकडे वळले. हिंदीविरोध आणि मातृभाषेतून शिक्षण या दोन वेगळ्या लढाया आहेत. पहिली जिंकून दुसरी हरता येते.

फडणवीस यांनी एप्रिल २०२५ मध्ये एक प्रश्न विचारला होता: हिंदीसारख्या भारतीय भाषेला विरोध आणि इंग्रजीचे मात्र गोडवे, हे कसे? प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू काहीही असो, या साऱ्या वादातला हा सर्वांत चांगला प्रश्न होता असे आम्ही म्हणू. विरोधकांनी त्याला उत्तर दिले नाही. विचारणाऱ्यांनीही दिले नाही. त्यांच्याच निर्णयात इंग्रजी पहिलीपासून होती आणि तिच्याविषयी ‘सर्वसाधारणपणे’ असे काही म्हटले नव्हते. मराठी अभ्यास केंद्राचे डॉ. दीपक पवार आणि त्यांच्याबरोबरचे कार्यकर्ते व शिक्षणतज्ज्ञ मुलाच्या आकलनाचा, शिक्षकसंख्येचा आणि मराठी शाळांचा मुद्दा सातत्याने मांडत होते, हे येथे नमूद करावयास हवे. वर्तमानपत्रांत त्यांची जागा आतल्या पानावर होती. पहिल्या पानावर दोन भाऊ होते.

आता एक गोष्ट, जी आम्हा मराठीच्या अध्यापकांना अधिक टोचावी अशी आहे. ‘मातृभाषा’ हा शब्द या वादात सर्वांनी ‘मराठी’ या अर्थाने वापरला. आमच्या वर्गात मेळघाटातून आलेली एक विद्यार्थिनी आहे. तिची घरची भाषा कोरकू. चर्चेत तिने शांतपणे बोटे मोजली: घरी कोरकू, शाळेत पहिल्या दिवसापासून मराठी, सोबत इंग्रजी, हिंदी आली असती तर ती तिच्या धाकट्या भावाची चौथी भाषा झाली असती. त्या ‘त्रिभाषा’ सूत्रात तिची भाषा कुठेच नव्हती. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचे नाते शेजाराचे, रक्ताचे नाही. गडचिरोलीतील माडिया आणि गोंडी द्राविडी कुळातल्या. या मुलांना ‘मातृभाषेतून’ म्हणजे मराठीतून शिक्षण देताना आपण त्यांच्यावर काय करतो, याला ‘सक्ती’ हा शब्द लावण्याची प्रथा नाही. उर्दू, गुजराती, कन्नड माध्यमांच्या शाळांतील मुले तर पहिलीपासून तीन भाषा शिकतच आली आहेत: माध्यमाची भाषा, मराठी आणि इंग्रजी. शासनाने आपल्या समर्थनार्थ या शाळांचा दाखला दिला. त्या मुलांवर भार पडतो काय, हे मात्र विरोधकांनीही विचारले नाही. तीन भाषांचा भार सहा वर्षांच्या मुलाला सोसवत नाही, हे तत्त्व असेल तर ते मालेगावच्या उर्दू शाळेतल्या मुलालाही लागू व्हावे.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मोहगाव नावाचे गाव आहे. तेथील ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. गावाने ठरविले, गावाने शिक्षक पाहिले, गोंडीतून शिकविणे सुरू झाले. २०२२ मध्ये शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरविली, कारण शिक्षण हक्क कायद्याखालची मान्यता तिला नव्हती. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. संविधानाच्या अनुच्छेद ३५०-क मध्ये भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याची अपेक्षा राज्याकडून केलेली आहे. राज्याने सोय केली नाही, गावाने केली, राज्याने नोटीस दिली. हिंदी सक्तीविरुद्धच्या कोणत्याही सभेत मोहगावचे नाव घेतले गेले असते, तर त्या सभेतील ‘मातृभाषा’ या शब्दावर आमचा विश्वास बसला असता.

याचा आमच्या विषयाशी संबंध आहे. प्रमाण मराठी ही बोलींच्या आणि शेजारभाषांच्या डोक्यावर बसवून आपण ‘मराठी वाचवा’ म्हणतो, तेव्हा बोलणारे कोण आणि वाचवायचे काय याचा घोटाळा होतो. पदव्युत्तर मराठीला आज जी मुले येतात त्यांत अहिराणी, वऱ्हाडी, झाडीबोली, कोरकू, पावरी बोलणाऱ्या घरांतली मुले मोठ्या संख्येने आहेत. शहरी मध्यमवर्गातील मुले आमच्या वर्गात जवळजवळ येत नाहीत. ती मराठी माध्यमातून तीस वर्षांपूर्वीच गेली. पालकांना दोष देण्याची आपल्याकडे एक सवय आहे आणि साहित्य संमेलनांच्या ठरावांतून ती वर्षानुवर्षे दिसते. आम्हाला तो सूर पटत नाही. मुलाला चांगली शाळा मिळावी म्हणून पोटाला चिमटा काढून फी भरणारी घरकाम करणारी बाई मराठीची शत्रू नाही. तिला जवळच्या महापालिका शाळेत चार वर्गांना दोन शिक्षक दिसतात आणि ती हिशेब करते.

तो हिशेब १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयात आहे. शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरविणाऱ्या संचमान्यतेचे निकष त्याने बदलले, आणि कमी पटाच्या शाळांना, विशेषतः सहावी ते आठवीच्या वर्गांना, नियमित शिक्षक मिळणे अधिक दुरापास्त झाले. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची हालचाल झाली होती; पानशेत आणि तोरणमाळ येथील प्रयोगांचे दाखले त्यासाठी दिले गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये संचमान्यतेच्या निर्णयाविरुद्ध आणि कंत्राटी नेमणुकांविरुद्ध जिल्ह्याजिल्ह्यांतील प्राथमिक शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन मोर्चे काढले. त्यात भाषेचा उल्लेख ओझरता होता, म्हणून तो ‘शिक्षकांचा प्रश्न’ ठरला, ‘मराठीचा प्रश्न’ झाला नाही. ज्या शाळांतले शिक्षक कमी होत होते त्या बहुतांशी मराठी शाळा होत्या. त्या निर्णयात ‘हिंदी’ हा शब्द नव्हता, ‘अनिवार्य’ही नव्हता. वरळीच्या सभागृहात जशी गर्दी झाली, तशी त्यासाठी कुठेच झाली नाही.